दुसऱ्या खोलीसाठी सोडलेला कोपरा

सुदाम मिस्त्री गेले त्या दिवशी मी शाळेला सुट्टी दिली नाही. त्यावरून नांदूरघाटच्या बाजारात अजून बोलणं होतं. तोंडावर कोणी विचारत नाही, म्हणून इथं लिहूनच सांगते. बातमी आली तेव्हा साडेअकरा झाले असतील. खिचडीचं पातेलं चुलीवर होतं आणि चौथीच्या मुली भागाकारात अडकल्या होत्या. फोन मिस्त्रींच्या मुलीचा, रमाचा होता. ती रडत नव्हती. "बाई, पप्पा गेले," म्हणाली. मग जरा थांबून, "सुट्टी देऊ नका म्हणून सांगायला लावलं होतं त्यांनी..." मी म्हटलं, मला माहीत आहे. फोन ठेवला आणि फळ्यावर अर्धा राहिलेला भागाकार पूर्ण केला. बाकी शून्य येते की नाही ते मुलींना दाखवायचं होतं.

तासाभरात वस्तीला कळलं. चारपाच माणसं दारात येऊन उभी राहिली. पुढं नामदेव. त्याच्या दोन धाकट्या मुली माझ्याकडे दुसरीत आणि चौथीत. त्याचं म्हणणं असं की ज्या माणसानं ही शाळा बांधली त्याच्या मातीला सगळी वस्ती निघालीय आणि इथं पाढे चाललेत, हे काही बरं दिसत नाही. मी म्हटलं, तुम्ही जा, पोरं पाचपर्यंत इथंच राहतील. तो खाली बघत म्हणाला, "लई वंगाळ दिसतंय, बाई." मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. वळणावर मुकादमाचा ट्रॅक्टर उभा होता.

आमची माळवस्ती डोंगराच्या पाठीवर आहे. पंचवीस-तीस घरं, मूळची सगळी मेंढरं राखणारी. चरायचा माळ कमी झाला, मेंढरं कमी झाली, तशी निम्मी घरं ऊस तोडायला जायला लागली. दसरा झाला की मुकादमाची ट्रॅक्टर-ट्रॉली, म्हणजे गाडी, येते आणि माणसं उन्हाळ्यापर्यंत कारखान्याकडे जातात. गाडी नक्की कोणत्या दिवशी येणार ते आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही. ती येते तेव्हा जे पोरगं घरात असतं ते गाडीत बसतं, जे शाळेत असतं ते आजीपाशी मागं राहतं. इतकं साधं आहे ते. म्हणून दसरा ते दिवाळी या दिवसांत आमच्या शाळेत कशासाठीही आयत्या वेळी सुट्टी द्यायची नाही. नियम माझा नाही, मिस्त्रींचा आहे. त्यांच्याच मरणासाठी तो मोडला असता तर त्यांनी तिरडीवरून उठून माझी खरडपट्टी काढली असती.

त्या दुपारचं उरलेलं नंतर सांगते. आधी हा माणूस कोण होता ते सांगायला हवं.

पंचवीस वर्षांपूर्वी मी चौसाळ्याहून इथं आले. वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान, मी बारावी झालेली. वस्तीशाळेवर आम्हाला तेव्हा शिक्षकही म्हणत नसत, स्वयंसेवक म्हणत. शाळा म्हणजे गयाबाईचं छप्पर. गयाबाई ही नामदेवची आई, वस्तीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. सकाळी मेंढरं बाहेर गेली की मी लेंड्या झाडायचे आणि मग पोरं आत यायची. संध्याकाळी पोरं गेली की मेंढरं. दोन वर्षांनी एक खोली मंजूर झाली, पण वर यायला रस्ता नाही म्हणून कोणी ठेकेदार हात लावायला तयार होईना. मग खालच्या गावातला एक गवंडी एका सकाळी चढून आला. उंच, काटकुळा माणूस, काखेत पिशवी, पिशवीत थापी आणि ओळंबा. मला म्हणाला, "बाई, दगूड हितंच लई हाय. माणसं हायती का उचलायला ते सांगा."

माणसं होती. अडचण वेगळी होती. मिस्त्री बौद्धवाड्यातले. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं तर गयाबाईच्या थोरल्या सुनेनं तांब्या उंच धरला, वरून ओतायला. मिस्त्रींनी ओंजळ पुढं केलीच नाही. चिडलेही नाहीत. हातातली थापी पुसून पिशवीत टाकली, "काम उद्यापासून," म्हणाले आणि डोंगर उतरून गेले. मला वाटलं, गेला हा माणूस. दुसऱ्या दिवशी ते डोक्यावर माठ घेऊन चढून आले. शाळेच्या जागेपुढं चार दगड रचून कट्टा केला, त्यावर माठ ठेवला, वस्तीच्या आडातून स्वतः पाणी शेंदून तो भरला. आडाला त्यांचा हात लागला तेव्हा सगळी वस्ती बघत होती. मग एक पेला स्वतः प्यायले आणि पेला माठावर पालथा घातला. "ज्याला शाळा पायजे त्यानं हितलं पानी प्यावं," म्हणाले, "न्हाई पायजे त्यानं तसं सांगावं. मी जातो." आणि बसून राहिले.

दोन तास कोणी हललं नाही. मीही प्यायले नाही, हे कबूल करते. मला वाटत होतं, मी बाहेरची, मी प्यायले तर त्याला अर्थ काय. खरं तर भ्यायले होते. सकाळपासून मिस्त्रींना शिव्या घालणारी गयाबाई शेवटी उठली, पेला भरून घटाघटा प्यायली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पानी तर आमच्याच आडाचं हाय की." कोणीतरी हसलं. गयाबाई सुनेकडे वळली, "बघतीस काय? दगूड उचल." तिच्यामागून मी प्यायले. सगळे प्यायले असं मात्र नाही. दोन घरांनी पुढची दोन वर्षं पोरांबरोबर घरची बाटली पाठवली. मिस्त्रींना ते माहीत होतं. ते म्हणायचे, बाटली फुटंल कवातरी, माठ हाय.

खोली उन्हाळ्याभरात झाली. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रे. भिंती पुऱ्या झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की पूर्वेकडचा कोपरा सरळ नाही. एक दगड बाहेर, एक आत, पुन्हा एक बाहेर, असं जोत्यापासून वरपर्यंत. मी म्हटलं, मिस्त्री, हे राहिलंय. ते म्हणाले, राहिलं नाही, सोडलंय. पुढं भिंत वाढवायची असली की गवंडी असे दात सोडतात, नव्या भिंतीचे दगड त्या खाचांत बसतात आणि जुनी-नवी भिंत एक होते. कोपरा सपाट बंद केला तर नंतर जोडलेली खोली चिरते. मी म्हटलं, पण मंजूर एकच खोली आहे. "एकच मंजूर हाय," ते म्हणाले, "बांधायची एकच हाय, आसं कोन म्हनलं?" मागाहून कळलं की त्यांनी आसपासच्या पाच-सहा वस्त्यांवर शाळा बांधल्या आणि प्रत्येक शाळेचा एक कोपरा असाच उघडा ठेवला. दोन-तीन ठिकाणी त्या दातांना पुढची खोली येऊन भिडली. आमच्याकडे नाही. आमची शाळा चौथीपर्यंतच राहिली.

त्यांची स्वतःची शाळाही चौथीला संपली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही जेवताना, भाकरी मोडत. पाचवी दुसऱ्या गावात होती आणि बापाला खाणीवर हात हवा होता. "तवा वाटायचं, शाळा म्हंजे येवढीच आसती. भिंत संपली, शाळा संपली. फुडं काय आसतंय ते दिसायलाच नव्हतं..." एवढं बोलून त्यांनी ठेचा मागितला.

वस्तीवर ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. काम नसलं तरी. आले की आधी रामराम नाही की जयभीम नाही, थेट त्या कोपऱ्यापाशी जायचे आणि वरून तिसऱ्या खाचेत अंगठा घालून बघायचे. पोरं तिथं चिंचोके कोंबतात, गांधीलमाश्या घर करतात. खाच मोकळी असली की मगच माठातलं पाणी प्यायचे. दसऱ्याच्या आठवड्यात मात्र घरोघर फिरायचे. पोराच्या आईबापाशी एक शब्द बोलायचे नाहीत. आजीपाशी उंबऱ्यावर बसायचे. मेंढरं लांब चारायला न्यायची असली की पायानं अधू कोकरू म्हातारीपाशी मागं ठेवायची इथली रीत आहे. मिस्त्री तेच धरायचे. "म्हातारे, कोकरू मागं ठिवतीस न्हवं संभाळायला? मंग पोरगी कावून धाडतीस?" म्हातारी त्यांना थेरड्या म्हणायची, तुझ्या काय बापाचं जातंय म्हणायची, आणि शेवटी शब्द द्यायची. सासूनं दिलेला शब्द सुना मोडत नसत. दरवर्षी आमचा पट टिकला तो असा. मी कितीही तक्ते लावले असते तरी टिकला नसता.

आता माझी चूक. शाळेला दहाएक वर्षं झाली होती. तालुक्याहून तपासणीला साहेब येणार होते आणि सुंदर शाळेचं बक्षीस असतं त्यासाठी आमचं नाव गेलं होतं. मला ते बक्षीस हवं होतं. सगळी शाळा रंगवली आणि तो वेडावाकडा कोपरा दिसायला वाईट दिसतो म्हणून दुसऱ्या गवंड्याकडून सिमेंटनं भरून घेतला, वरून गुळगुळीत गिलावा, त्यावर फुलपाखरू. बक्षीस मिळालं. पंधरा दिवसांनी मिस्त्री आले, नेहमीसारखे कोपऱ्यापाशी गेले आणि अंगठा घालायला जागाच नाही म्हणून उभे राहिले. मग पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. भर वर्ग चालू असताना पहिला घाव पडला. मी धावत बाहेर आले, म्हटलं, मिस्त्री, काय करताय हे? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तुमी शाळा बंद केली, बाई." मी म्हटलं, रंग दिलाय, बंद कुठं केली? म्हणाले, "जिला फुडं जागा न्हाई ती भिंत कंपाउंडाची. शाळंची न्हवं." मला राग आला होता. मी सरकारी मालमत्तेची मोडतोड वगैरे बोलले. ते फोडत राहिले. तीन दिवस येऊन त्यांनी एकेक खाच मोकळी केली आणि त्यानंतर सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. दसऱ्याला आले, आज्यांशी बोलले, माझ्या दारावरून गेले. त्यांचं बरोबर होतं हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. सांगायला सहा महिने लागले. सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "फुलपाखरू चांगलं हुतं."

आठ वर्षांपूर्वी पहिलं पत्र आलं. पट कमी, शाळा बंद करून पोरं खालच्या गावच्या शाळेत पाठवायची. अंतर जेमतेम, म्हणे. बघायला एक साहेब आले. तोवर कच्चा रस्ता झाला होता, ते जीपनं आले आणि दहा मिनिटांत उतरता येतं म्हणाले. मिस्त्री माठापाशी बसले होते. म्हणाले, साहेब, तुमचं बरोबर हाय, गाडी हितंच ठिवा आन् चालत चला. आमची सोनी शाळा दाखवंल. सोनी म्हणजे नामदेवची थोरली, तेव्हा पहिलीत. साहेब चांगला माणूस होता, तयार झाला. सोनी पुढं, साहेब मागं, त्यांच्यामागं मिस्त्री आणि मी. सोनी दहा पावलांवर बोरं वेचायला थांबली. मग तिच्या पायात काटा गेला. मग तिला लघवीला जायचं होतं. मग ती नुसतीच बसली. साहेबांनी घड्याळ बघितलं की मिस्त्री म्हणायचे, घाई करू नका, प्रार्थना चुकली तरी हजेरीला पोचू. ओढ्यापाशी साहेबांनी बूट काढून हातात घेतले. पाणी गुडघ्याला होतं, साहेबांच्या. सोनीला मिस्त्रींनी खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "उद्या हिला कोन घील?" खालच्या शाळेत पोचलो तेव्हा तिथली जेवणाची सुट्टी झाली होती. साहेब ओट्यावर बसून पाय चोळत म्हणाले, मी अहवाल लिहितो. पत्र आठ वर्षं गप्प बसलं.

पण मिस्त्री जिंकले असं म्हणायला मी धजत नाही. तीच सोनी चौथी झाली आणि पाचवीला त्याच वाटेनं खाली जायला लागली. एक पावसाळा गेली. दुसऱ्या पावसाळ्यात गेली नाही. त्या वर्षी दसऱ्याला ती गाडीत बसली, धाकट्या चुलतभावाला सांभाळायला. मिस्त्रींना मी सांगितलं तेव्हा ते कोपऱ्यापाशीच होते. अंगठा खाचेत तसाच ठेवून म्हणाले, "पोरगी ऱ्हायली न्हाई बाई. खोली ऱ्हायली बांधायची." त्यानंतर त्यांनी दुसऱ्या खोलीसाठी तालुक्याला किती खेपा घातल्या ते मी मोजलं नाही. उत्तर एकच होतं. ज्या शाळेचा पट कमी आहे तिला खोली मिळत नाही. आणि खोली नाही म्हणून पट वाढत नाही, हे ऐकायला टेबलापलीकडे कोणी नव्हतं.

जन्मभर दगड फोडून छातीत धूळ भरली होती. शेवटचं वर्ष ते अंथरुणावरच होते. यंदा दसऱ्याला त्यांना वर चढता येणार नाही हे कळल्यावर मी भेटायला गेले. रमानं उशा लावून बसवलं होतं. बोलताना दर चार शब्दांनी थांबायला लागत होतं. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी ते कानाआड केलं. "कोपरा...?" मी म्हटलं, मोकळा आहे. "आज्या?" मी म्हटलं, यंदा मी फिरते. ते हसले, कारण मला ते जमत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी आज्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगते. आज्या मान डोलावतात आणि शब्द देत नाहीत. मग ते म्हणाले, "मी गाडी यायच्या टायमालाच जानार बघा... सुट्टी देऊ नका." मी रागावले नाही, काही भलतं बोलू नका असंही म्हटलं नाही. दोघांनाही वेळ कमी होता. देणार नाही म्हटलं आणि निघाले.

तर त्या दुपारी ट्रॅक्टर वळणावर होता, मिस्त्री खाली गावात होते, आणि माझ्याकडे सगळ्या आज्यांचे शब्द नव्हते. गयाबाईचाही नव्हता. ती आता ऐंशीची आहे, यंदा मी गेले तेव्हा म्हणाली होती, मला निभत नाही बाई, दोघी पोरी कशा संभाळू? नामदेव दारातून हलेना. मुकादमानं दोनदा हॉर्न वाजवला. सोनी ट्रॉलीत बसलेली दिसत होती, डोक्याला रुमाल, मांडीवर चुलत्याचं पोर. मी नामदेवला म्हटलं, तुला मुली न्यायच्या असतील तर ने, तुझ्या आहेत. पण सुट्टी झाली म्हणून नेऊ नकोस. सुट्टी झालेली नाही. तो काहीतरी बोलणार तेवढ्यात गयाबाई काठी टेकत आली. दारात माझ्या आणि त्याच्या मधे बसली, धापा टाकत. पोराकडे न बघता म्हणाली, "मिस्त्रीनं मला कवा इच्यारलं न्हाई आसं एक साल न्हाई. औंदा आला न्हाई म्हून काय झालं? त्याला मी दिलता शब्द. जा तू."

नामदेव गेला. ट्रॅक्टर चारला हलला. त्याच्या दोघी राहिल्या, आणखी तिघं राहिले. एक गेली. तिची आई मागच्या बाजूनं येऊन खिचडी वाढताना तिला घेऊन गेली, तान्ह्या भावासाठी. मी बघितलं. त्या आईला मी अडवलं नाही, आणि अडवायला हवं होतं का ते मला अजून सांगता येत नाही. पाचला शाळा सुटली. मी स्कूटीवर खाली पोचेपर्यंत त्रिशरण-पंचशील होऊन गेलं होतं, माणसं परतत होती. तोंड बघायचं राहिलं. रमानं विचारलं, किती राहिले? मी म्हटलं, पाच. तिनं मान हलवली.

पुण्यानुमोदनाला लोकांनी ठरवलं, शाळेत मिस्त्रींचा मोठा फोटो लावायचा, हार घालायचा. मी नको म्हटलं. त्यावरूनही बोलणं झालं. ज्याला आठवण ठेवायची असेल त्यानं एक दगड आणून पूर्वेच्या कोपऱ्याशी टाकावा, असं मी सांगितलं. पहिला रमानं आणला, खालच्या गावातून, पिशवीत घालून. गयाबाईच्या त्याच थोरल्या सुनेनं दोन आणले. आता ऊसतोडीच्या टोळ्या जाऊन सहा आठवडे झाले, ढीग कमरेएवढा झालाय. नामदेव मिस्त्रींच्या हाताखाली याच भिंतीवर भिंत उचलायला शिकला. कारखान्याकडून फोन करून त्यानं सांगितलंय, उन्हाळ्यात आलो की पाया घेतो.

मागच्या आठवड्यात तालुक्याहून पुन्हा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवणारा तक्ता आला. वर्गखोल्यांच्या रकान्यात मी लिहिलं: एक, दुसरीचं काम चालू. दोन दिवसांनी फोन आला. बाई, दुसरी खोली कधी मंजूर झाली? मी म्हटलं, झाली नाही. मग काम कसलं चालू आहे? मी म्हटलं, या बघायला. गाडी खालच्या गावात ठेवा आणि चालत या, सोबतीला पहिलीतली मुलगी पाठवते.

फोन ठेवून मी कोपऱ्यापाशी गेले. वरून तिसऱ्या खाचेत अंगठा घातला. कोणीतरी चिंचोका कोंबला होता. तो काढून टाकला, माठातलं पाणी प्यायले आणि वर्गावर गेले.